चौथीच्या वर्गातली म्हातारी

२७ जून, सोमवार

शाळा उघडली. निशीनं दाराची चौकट धरली ते सोडेचना! नऊ वर्षांची पोट्टी, पण हातात बळ पाहा. नयन — माहा पोरगा, तिचा बाप — एका हातानं दप्तर ओढे, दुसऱ्या हातानं पोरगी. "दोन वर्ष कोरोनानं घरी बसून लाडावली," म्हणे. सून कोपऱ्यात रडे. मी म्हटलं, सोड रे! मी पोहोचवून येतो.

पोहोचवून येतो म्हटलं अन् शाळा सुटल्यावरच वापस आली! पोरगी पदर सोडेना, त मीही वर्गात बसली. चौथी. माही शाळा दुसरीतच सुटली होती, धाकट्या भावाले पाहाले घरी कोणी नव्हतं म्हणून. आता एकदम चौथी! मधली तिसरी माफ.

मॅडमनं साऱ्यायले सांगतलं, रोज पाच ओळी लिहा, दिवसभरात काय झालं ते. मी वर्गात होती म्हणजे मलेही लागू. पण पाच ओळीत काय होते? माह्या पाच ओळी त दाराच्या चौकटीतच सरल्या! ही वही निशीची मागच्या सालची, अर्धी कोरी. मॅडमले दाखवाची नाही. अक्षर पाहून पोट्टे हासतीन.

२८ जून

आजही गेली. हजेरीत निशीचं नाव घेतलं, ती बोलेना. मीच ओरडली — "हजर!" सारा वर्ग हासला. निशीही हासली. मी पाह्यलं.

४ जुलै, सोमवार

लालीबाई कुंपणावरून म्हणे, "मैनाबाई, डब्बा बांधून कुठं वं? नोकरी लागली काय?" म्हटलं, चौथीत हाय. "पास झाली त पेढे देजो!" म्हटलं, तूही ये, पहिलीत जागा हाय. लय हासली. तिचं हासणं तीन घरं ऐकतात.

शाळेत मले करमते, खोटं कायले बोलू. भागाकार आला आज! वरून उतरवाचा आकडा विसरतो, पण येते. कविता म्हणताना माहाच आवाज मोठा. दुपारी खिचडी. मीठ कमी होतं, मी सैपाकवाल्या बाईले सांगतलं. तिले राग आला. येऊ दे.

नसरीन मॅडम पांढरकवड्याहून स्कुटीवर येतात. लहानशा हायत, पण पोरायवर ओरडत नाहीत. म्हणाल्या, "आजी, निशिगंधा एकटीच नाही. दोन वर्षांत सगळ्याच पोरांचं काही ना काही झालंय." खरं हाय. एक पोट्टा मास्क काढतच नाही, खिचडी खातानी एका बाजूनं उचलते अन् घास आत ढकलते. एक पोरगी बोलता बोलता मधातच थांबते, मोबाईल अडकल्यावानी. मॅडम म्हणे, "शिकवणं मागून. आधी यांना माणसांत बसायची सवय लावू."

म्हटलं, मॅडम, मले त लागली!

निशीचे आबा असते त म्हणाले असते, म्हातारी पागल झाली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले ते. यवतमाळले नेले, वापस आणू दिले नाही. तेराव्याले घरातलेच चार माणसं. पण मी काही हात धरून बसली नाही. दुसऱ्या महिन्यात तण निंदाले वावरात होती.

जेवतानी नयन म्हणे, "माय, पोळ्यापर्यंत पाहतो. एकटी बसली त ठीक, नाही त वणीले टाकतो तिच्या मामाकडे. तिथं कोणाचा पदर धरन?" सून ताटावरून उठली. मी एक भाकर जास्त खाल्ली. पोळ्याले गंज टाइम हाय, दीड महिन्याच्या वर. चार लेकरं चालाले शिकवली मी. बोट एकदम थोडी सोडाचं असते!

११ जुलै

असंच कराचं, बोट हळूहळू सोडाचं. आज निशीच्या बाजूले नाही, मागच्या ओळीत बसली. तिनं तीनदा वळून पाह्यलं, पण बसली.

१५ जुलै

पाण्यानं शाळा बंद. नाल्याले पूर. निशी खूश. मीच कंटाळली!

१९ जुलै, मंगळवार

दारात बसली. अर्धी आत, अर्धी बाहेर. मॅडमनं खुर्ची दिली. खुर्चीवर बसल्यावर पोट्टे मलेच सर समजाले लागले. एक जण येऊन म्हणे, "मी मुताले जाऊ?" म्हटलं, जाय बाबू.

२३ जुलै, शनिवार

आज वर्गाच्या बाहेर! कडुनिंबाखाली, खिडकीच्या समोर. निशी आत मुस्कानसोबत बसली. मुस्कान आमच्याच गल्लीतली, मागच्या उन्हाळ्यापर्यंत दोघी एका ताटात जेवत. बोलणंच तुटलं होतं, आता पुन्हा कानाशी कान लावून कुजबुज! धडा वाचला तिनं, मोठ्यानं, मले झाडाखाली ऐकू आला. माह्या डोळ्यात पाणी आलं. कचरा गेला असं म्हटलं.

एक गोष्ट समजत नाही. पोरगी मॅडमले भेत नाही. पोरायले भेत नाही. उत्तर चुकलं तरी भेत नाही. पण जराशानं खिडकीतून पाह्यते. मी हात हालवला का पुन्हा वहीत डोकं घालते. मंग भेते कशाले?

जाऊ दे. आता फाटकापर्यंत जातो, मंग घरी. नयनले सांगतलं, पोळा दूर हाय, अन् पोरगी झाली बरी. तो म्हणे, "पाहू." त्याचं 'पाहू' बापासारखंच हाय. देत काही नाही, नाही म्हणत नाही.

२६ जुलै, मंगळवार



दुपारी निशी चित्र काढण्यात लागली होती. मी मनात म्हटलं, हेच टाइम. खिडकीसमोरून उठली अन् वावरात गेली. कपाशीत तण माजलं, बाया मिळत नाहीत. आमचं वावर हैदराबाद रोडच्या पल्याड. दोन ओळी निंदल्या नसतीन, त टरकचा हॉर्न वाजला — लांब, थांबेचना. मान वर केली, त पोरगी! पायात चप्पल नाही. एवढ्या मोठ्या रोडवरून एकटी पळत आली.

रडत नव्हती. आली अन् दोन्ही मुठीनं मले मारलं. "सांगून काहून नाही आली! सांगून काहून नाही आली!" मंग माहं तोंड चाचपलं, हात पाह्यले, अन् माह्या छातीले कान लावून बसली तिथंच चिखलात. शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बायाही उभ्या राह्यल्या.

टरकवाला आडवं-तिडवं बोलून गेला. बोलू दे. त्यानं बिरेक लावला, त्याचं लेकरू सुखी राहो.

घरी नयननं हात उचलला. मी मधात गेली, पहिली मले लागली. त्यानं हात मांग घेतला. पण म्हणे, "बस झालं माय तुहं. रविवारी वणी." सुनेले कपडे भराले लावले.

२७ जुलै

लिहाले काही नाही. पोरगी माह्या पायाशी बसून हाय. शाळेत कोणीच गेलं नाही.

२९ जुलै, शुक्रवार

मॅडम घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, निशीजवळ खालीच बसल्या. कशाले भेते, असं इचारलंच नाही. इचारलं, "आजी दिसली नाही तर काय होतं गं?"

पोरगी म्हणे, "मी आबाजवळ बसली होती तवा आबा होते. मी मुस्कानकडे खेळाले गेली, त त्यायले गाडीत नेलं. वापस आली त खाट रिकामी. मी पाहत राह्यली त आजीले कोणी नेत नाही."

सव्वा वर्ष! मले वाटे मी तिची सोबत करून राह्यली. अन् एवढीशी पोट्टी मले राखून राह्यली होती — खिडकीतून.

नयन ओट्यावर होता. उठला, आत गेला अन् भरलेली बॅग पलंगावर उलटी केली.

मी निशीले म्हटलं, मले कुठंही जाचं असन त तुले सांगून जाईन. "दवाखान्यातही?" दवाखान्यातही. "मी झोपली असली त?" उठवून सांगीन.



"मंग उद्या मी एकटी जातो," म्हणे. "तू घरी राह्य. पण दुपारी झोपू नको."