दिवा लागतो, पण डिस्क दिसत नाही

सोमवार, सकाळ

तीर्थरूप ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघा अजून पुरता वाकत नाही, म्हणून तूर्त कागदावरच वाकते आहे, बाकीचं भेटीत.) तुझा रक्तदाब, भावोजींची पाठ आणि तुमच्या जिन्यातला मिचमिचणारा दिवा, तिघांनाही आता आराम पडला असेल अशी आशा आहे. इकडे हे ठणठणीत आहेत. माझं काय चाललं आहे ते पुढे येईलच.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. त्यात माझ्या गुडघ्याची चौकशी नाही, ह्यांची नाही, शेवटी आशीर्वादसुद्धा नाही. 'आईने मशीन तुला दिलं असं तू अकरा वर्षं सांगते आहेस, तिच्या आवाजात रेकॉर्डिंग आहे असंही अकरा वर्षं सांगते आहेस. एकदाचं ऐकव, नाहीतर एक तारखेला मी टेम्पो पाठवते.' एवढंच. मी ते दोनदा वाचलं, शुद्धलेखनाची एकच चूक सापडली, ती पेन्सिलीने दुरुस्त केली आणि पत्र फायलीला लावलं.

ऐकवायला माझी ना नाही. आई शेवटच्या वर्षी माझ्याकडे होती तेव्हा एका दुपारी मी तिच्यापुढे फोन ठेवला आणि म्हटलं, तुझं शिलाई मशीन कोणाला द्यायचं ते एकदा स्पष्ट सांगून टाक. तिने सांगितलं, 'मशीन धाकटीकडे राहू दे.' हे शब्द माझ्या कानांत आजही जसेच्या तसे आहेत. ते रेकॉर्डिंग मी हार्ड डिस्कवर चढवून ठेवलं. (भावोजी हे पत्र तुझ्या खांद्यावरून वाचत असणार, म्हणून खुलासा: हार्ड डिस्क म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढी काळी डबी. ती वायरने संगणकाला जोडायची, की आत साठवलेलं पडद्यावर दिसतं.) माझ्याकडे अशा तीन आहेत. एकीवर 'घर', दुसरीवर 'फोटो' आणि तिसरीवर 'आई' अशा चिठ्ठ्या माझ्या अक्षरात लावलेल्या आहेत. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला अक्षराचं वळण आणि पाठीचा ताठपणा दिला. जिभेकडे मी स्वतः लक्ष दिलं.

तेव्हा पुरावा तयार आहे. अडलं आहे ते नव्या ऑपरेटिंग सिस्टीमपाशी.

झालं असं की जुना संगणक बारा वर्षं इमानाने चालला आणि गेल्या महिन्यात एका दुपारी सुस्कारा टाकून बंद पडला. त्याच्या जागी नवा आला, आणि त्याच्या पोटात ही नवी सिस्टीम. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा हेडक्लार्क समज. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर बाकावर बसवायचं, ते तो ठरवतो. बत्तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ विभागप्रमुख म्हणून. असले हेडक्लार्क मी पाहिलेले आहेत आणि दोघांची बदलीही करवलेली आहे. पण त्या दोघांना निदान समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस दिसत असे.

नव्या संगणकासाठी मी टेबल मुळापासून आवरलं. मागे वायरींचं असं जंजाळ झालं होतं की फडकं घालायला जागा नव्हती. त्यातल्या तीन वायरींची तोंडं तर चपटी, रुंद आणि मध्ये खाच पडलेली, दोन तोंडं एकमेकांना चिकटून जन्माला आल्यासारखी होती. (कारखान्यातच बिघडलेला माल असावा. आधी लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे.) त्या मी भंगारात टाकल्या. फोनच्या डब्यांतून जमलेल्या वायरींतून सारख्या लांबीच्या, सारख्या काळ्या, बारीक तोंडाच्या तीन निवडल्या, डिस्कच्या खाचेत त्या बसतात हे पाहिलं आणि प्रत्येकीला चिठ्ठी लावून ज्या त्या डिस्कशी बांधली. टेबल इतकं देखणं झालं की ह्यांनी दोनदा विचारलं, 'कोणी येणार आहे का?'

मग मी 'आई' जोडली. डिस्कवरचा दिवा लागला. हात ठेवला तर आत घरघर चालू, म्हणजे डिस्क जिवंत, जागी आणि कामाला तयार. पण पडद्यावर काहीही नाही. मी 'घर' जोडली, 'फोटो' जोडली. दिवे लागले, पडदा ढिम्म. पुढच्या खाचेत जोडून पाहिलं, मागच्या खाचेत पाहिलं, संगणक बंद करून चालू केला, चालू करून बंद केला. दर वेळी तो उठून मला विचारायचा की आज तुम्हाला काय करावंसं वाटतं. मला काय करावंसं वाटत होतं ते सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या बाईने लिहिण्यासारखं नाही.

बरं, ह्या सिस्टीमला कोणीच दिसत नाही असं म्हणावं तर तेही नाही. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा प्रिंटर तिला पहिल्याच दिवशी दिसला. त्यांच्याकडे माझं विजेचं बिल छापून निघालं. ते त्यांनी पेशंटच्या हाती खाली पाठवलं, वर 'तुमचं का?' असं लिहून. दुसऱ्या दिवशी तिला ह्यांच्या कानातलं ऐकण्याचं यंत्र सापडलं, आणि कोणालाही न विचारता तिने त्याच्याशी संधान बांधलं. मी स्वयंपाकघरातून चार हाका मारल्यावर 'मला काही म्हणालीस?' असं विचारणारे हे, संगणकाच्या पहिल्याच टिंगला आतल्या खोलीतून उठून आले आणि म्हणाले, 'दार वाजलं.' मी म्हटलं, दार नाही, संगणक. तर म्हणतात, 'आवाज किती स्वच्छ आहे गं ह्याचा.' चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या आवाजाबद्दल असं कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

शेवटी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. पाऊण तास बासरी ऐकल्यावर एक मुलगी आली. फार गोड होती, तेच वाईट. तिने विचारलं, 'मॅडम, डिस्कचा दिवा लागतो का?' म्हटलं, लागतो. 'आतून आवाज येतो का?' म्हटलं, येतो. 'मग डिस्क ठीक आहे मॅडम, सिस्टीम अपडेट करून बघा.' म्हणजे दोष सिस्टीमचा, हे कंपनीच्याच तोंडून वदवून घेतलं. (तारीख, वेळ लिहून ठेवली आहे.) अपडेट नाश्त्याला सुरू झालं ते जेवणानंतर संपलं. त्याने पडद्यावरची चित्रं गोल होती ती चौकोनी झाली. डिस्क दिसल्या नाहीत.

त्यानंतर मी संगणक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावलं. ह्यांच्याच वयाचा, गळ्यात दोरीने भिंग अडकवलेला, कमी बोलणारा गृहस्थ. त्याने हार्ड डिस्ककडे हात नेला तेव्हा मी त्याला थांबवलं. तुला ठाऊक आहे, आमच्या विभागाचा एक नियम होता: मूळ कागद परक्या हातात जायचा नाही. ज्याला पाहायचं आहे त्याने समोर बसावं, पानं मी उलटणार. सर्जनसुद्धा ह्याला अपवाद नव्हते. तेव्हा डिस्क आणि वायरी माझ्या हातात, आणि तो पडद्यासमोर, अशी वाटणी झाली. तो म्हणे, 'लावा,' मी लावायची. तो म्हणे, 'काढा,' मी काढायची. दीड तास हे चाललं. त्याने सिस्टीमच्या पोटातल्या अशा अशा याद्या उघडल्या की त्या मालकिणीला दाखवायच्या असतात हेच मला माहीत नव्हतं. एकाही यादीत माझ्या डिस्कचं नाव नाही. निघताना म्हणाला, 'बाई, मला एकदा हातात घेऊन बघू द्या.' मी नाही म्हटलं. तो चहा न घेता गेला.

मग मी कंपनीला साडेतीन पानी पत्र लिहिलं. नक्कल सोबत जोडत नाही, पण त्यात 'बेपर्वाई' हा शब्द पाच वेळा आणि 'माझी दिवंगत आई' दोन वेळा आहे. उत्तर म्हणून फोनवर पाच चांदण्या आल्या, आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात ते रंगवा म्हणून. मी एकही रंगवली नाही. तर 'उत्तर दिल्याबद्दल आभार' असं आलं.

तेव्हा ताई, परिस्थिती ही अशी आहे. आईचा शब्द माझ्याकडे आहे, माझ्यापासून हातभर अंतरावर एका डबीत घरघरतो आहे, आणि एक उद्धट हेडक्लार्क त्याला आत घेत नाही. ह्यात माझा काडीइतका दोष नाही. डिस्क उघडली की तू स्वतःच्या कानांनी ऐकशील आणि मग टेम्पो वगैरे भाषा केल्याबद्दल तुला वाईट वाटेल. तोपर्यंत मशीन जिथे आहे तिथे, माझ्या खिडकीपाशी, रोज पुसलेलं आणि वर आच्छादन घातलेलं, राहील. एक तारखेचा टेम्पो रद्द कर. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी, अन्याय सोसण्याची सवय झालेली,
धाकटी

ता. क. (गुरुवार, दुपार): पत्र टाकायला निघालेच होते, पण आधी कारागिराला पुन्हा बोलावलं. ह्या वेळी तो खुर्चीत बसलाच नाही. म्हणाला, 'पेशंटला हात लावू देणार नसाल तर मी नाडी कशी बघू?' बत्तीस वर्षांत सर्जनांना जमलं नाही ते त्याने केलं; मी 'आई' त्याच्या हातात दिली. त्याने डिस्क पाहिलीसुद्धा नाही. वायर उपसली, भिंग लावून तिचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, 'ही फोन चार्ज करायची वायर आहे. हिच्यातून वीज जाते, माहिती जात नाही. ह्या डिस्कबरोबर आली होती ती रुंद तोंडाची, मध्ये खाचेची वायर कुठे आहे?' मी म्हटलं, तशी कधी पाहिल्याचं आठवत नाही. त्याने स्वतःच्या पिशवीतून एक काढून लावली. डोळ्याचं पातं लवायच्या आत 'आई' पडद्यावर हजर, आणि पाठोपाठ त्याच वायरीने बाकीच्या दोघीही, अगदी हात बांधून. हे मागे उभे होते. म्हणाले, 'मी तुला आवरतानाच म्हटलं होतं.' काय म्हटलं होतं असं विचारलं, तर कानातल्या यंत्राची बॅटरी संपली म्हणाले. सिस्टीमबद्दल मी वर जे लिहिलं आहे ते मागे घेत नाही, कारण ते शाईने लिहिलं आहे. कारागीर ह्या वेळी दोन कप चहा पिऊन गेला.

ता. क. २ (गुरुवार, संध्याकाळ): रेकॉर्डिंग ऐकलं. तू वाट पाहात असशील म्हणून जसं आहे तसं लिहिते, रेकॉर्ड विभागाची बाई कागदात फेरफार करत नाही. सुरुवातीला आई म्हणते, 'चालू केलंस? मग आधी सांगायचं नाहीस का, पदर तरी सारखा केला असता.' मी म्हणते, अगं फक्त आवाज येतोय. 'मग काय, ओरडू?' मग ती म्हणते, 'मशीन धाकटीकडे राहू दे.' इथवर सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणेच आहे. ह्यानंतर एक बाई मध्येच 'बरं, बरं, कळलं' म्हणते. ती मी. तिच्या आवाजावर चढून आईचा आवाज: 'पुढचं ऐक. मोठीला जागा होईपर्यंत. आत्ता दोन खोल्यांत ठेवील कुठे ती? घर मोठं झालं की नेऊ दे तिला. तुला कुठे शिवता येतं? तू नुसतं पुसतेस.' मी हे तेव्हा ऐकलंच नाही असंही म्हणता येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये मी 'हो' म्हटलं आहे. अगदी स्वच्छ.

तुम्ही चार खोल्यांत गेलात त्याला नऊ वर्षं झाली. मला माहीत आहे. वास्तूच्या दिवशी तुझ्याकडे जेवून आले होते.

ता. क. ३ (शुक्रवार): आता मूळ विनंती, जिच्यासाठी हे पत्र फाडून दुसरं लिहिलं नाही. टेम्पो पाठव, पण त्याच्या आधी आठ दिवस तू राहायला ये. रेकॉर्डिंग फोनवर पाठवता येतं, कारागीर दाखवून गेला आहे. मी पाठवणार नाही. सगळं मिळून सात मिनिटांचं आहे. मशीनचा विषय पहिल्या मिनिटात संपतो. मग आई चष्मा शोधते (तो डोळ्यांवरच असावा, माझ्या हसण्यावरून कळतं), तुझ्या मुलाच्या परीक्षेचं विचारते आणि तू कधी येणार हे तीनदा विचारते. तीनही वेळा मी 'रविवारी' म्हणते, तीनही वेळा ती 'बरं' म्हणते. काल हे मी एकटीने ऐकलं. दुसऱ्यांदा एकटीने ऐकायचं नाही, आणि ह्यांना बरोबर घेऊन उपयोग नाही, त्यांना त्यातलं निम्मंच कळेल. आईच्या चष्म्याला हसायला बरोबर तूच हवीस.

मशीन तुझं आहे, तक्रार नाही. फक्त त्याचा चामडी पट्टा मी काढून ठेवला आहे, आणि पट्ट्याशिवाय ते नुसतं टेबल आहे हे तुला मी सांगायला नको. कुठे ठेवला आहे ते आठव्या दिवशी सांगेन.