लॉनवरची पिवळी रिंगणं

२ एप्रिल, गुरु.
देवपूरचे चार बंगले याही उन्हाळ्याला माझ्याकडंच. लॉनचे फवारे बघायचे, मृगापर्यंत. पहिल्या बंगल्यातल्या भाभींकडचे सहाही फवारे क्षारानं तुंबलेत. बोअरचं पाणी, दुसरं काय. माळीकाम करणाऱ्या नानांनी एकावर पाय दिला. म्हटलं, नाना, डोळे घरी ठेवून येता का? हसले. "तुनी जीभ शे का कोयता, सुमन?"

४ एप्रिल, शनि.
सुईनं भोकं मोकळी करून बोटं गेली. शेवटी पाइपात ॲसिड सोडलं. चोपड्याला केळीच्या बागेत दहा वर्षं हेच केलं. ठिबकच्या नळीत ॲसिड, एक दिवस बंद, मग टोकं खोलून धुवायचं. उद्या धुते.

५ एप्रिल, रवि.
गेले तर लॉन ओलं. पहाटे फवारे आपोआप चाललेले. टायमर. शेतात कॉक माणूस खोलतो, इथं घड्याळ. डोक्यातच नाही आलं. ॲसिड सगळं गवतावर. पाइपानं खूप पाणी मारलं. कोणाला बोलले नाही. काही होणार पण नाही कदाचित.

९ एप्रिल, गुरु.
झालं. प्रत्येक फवाऱ्याभोवती पिवळं रिंगण. भाभी नानांवरच उखडल्या. "खत ज्यादा टाकलं ना तुम्ही?" नाना, "युरियाले हात बी नही लावा, भाभी." त्या म्हणाल्या, आता आखाजी, अक्षय्य तृतीया झाली की बघू. म्हणजे येऊ नका. मी फवारा पुसत होते. पुसतच राहिले.
नाना खुरपी नळापाशी ठेवून गेले. खत असं गोल जाळत नाही. जुन्या माळ्याला कळलं नसेल?

१३ एप्रिल, सोम.
दुसऱ्याची चूक मी तोंडावर मारते. माझी मात्र पोटात. भाकर गोड लागते, झोप पण येते. तेच खटकतं.

१५ एप्रिल, बुध.
भाभींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सासूबाई रोज तिथं अनवाणी चालतात, सुमनबाई. त्या दिवशी त्या गावाला होत्या." हे तर माझ्या मनात पण आलं नव्हतं.
जाताना म्हणाल्या, "नानांना तुम्हीच घेऊन या. तुमचं नंतर बघू."

१६ एप्रिल, गुरु.
नानांच्या घरी गेले. आखाजीसाठी लेक माहेरी आलेली, तिच्यासमोरच सगळं बोलले. नाना म्हणे, "माले त्याच दिनले समजनं."
मग बोलला का नाहीत?
"तू सांगशी, आसं वाटनं."
येता का उद्यापासून? नाना लेकीला म्हणाले, चहा ठेव.

२१ एप्रिल, मंगळ.
आखाजी झाली. टायमर बंदच ठेवलाय, पाणी हातानं देते. दोन रिंगणांत हिरवं फुटतंय, बाकीची तशीच.
नळापाशी नानांची खुरपी नाही. काल होती. भाभी सासूबाईंना घेऊन देवळात, विचारायचं कोणाला? नाना कामाला आले होते, का आपलं सामान न्यायला? माती उकरल्यासारखी दिसते एका जागी. पण ती मांजरानं पण उकरली असेल.
पाणी देऊन झालं. दुसऱ्या बंगल्यावर जायला उशीर झाला तरी पायरीवर बसले, फाटकाकडं तोंड करून.