महाराणीचा दगड

३ जानेवारी, शुक्रवार
टाकी आली. खाऱ्या पाण्याची. टीव्हीच्या जागी ठेवली, टीव्ही जमिनीवर. आत एक समुद्री गोगलगाय. शंख नाही, निळं अंग, केशरी काठ, डोक्यावर दोन शिंगं. नाव ठेवलं महाराणी.

ही माहेरी जाताना म्हणाली होती, या घरात एक तरी जीव महिनाभर जगवून दाखव, मग परत येण्याचं बघू. कुंड्या, पोपट वगैरे जुनी प्रकरणं उगाच उकरली. पोपट मुळातच आजारी होता.

दुकानदाराने महाराणीसोबत एक दगड दिला. त्यावर पिवळं, फुगीर काहीतरी. धुऊ नका म्हणाला. दोनदा म्हणाला. लोकांना स्वच्छतेचं वावडंच असतं.

५ जानेवारी, सकाळ
संकल्प: रोज पाण्याचं तापमान बघणे. खरं बोलणे. आवाज न चढवणे.
हिला फोन केला, सासूबाईंनी उचलला. गोगलगाय घेतल्याचं सांगितलं. म्हणाल्या, बरं.

८ जानेवारी
तो दगड फार डोळ्यांत खुपतो. ही आली तर पहिली नजर त्यावरच जायची. आज घासून काढला. हिचा टूथब्रश न्हाणीघरात नुसताच पडून होता, चांगला नरम. दगड असा निघाला की त्यात तोंड बघावं! पिवळी घाण आणि ब्रश, दोन्ही कचऱ्यात. महाराणी बिचारी दिवसभर त्या घाणीवरच बसून असायची. सुटली.

१४ जानेवारी
महाराणी आता टाकीभर फिरते. काचेवर, कोपऱ्यात, परत दगडावर. काय उत्साह! मीही उद्यापासून फिरायला जाणार.

२० जानेवारी
पाऊस नाही, पण ढगाळ होतं. गेलो नाही.
महाराणी जरा बारीक झाली आहे. व्यायाम, दुसरं काय. कोबी दिला, माशांचा खाऊ दिला, उकडलेलं अंडं दिलं. ढुंकून बघत नाही. नखरे हिच्यासारखेच. (हे वाक्य खोडणे.)

२४ जानेवारी
नखाएवढी उरली आहे. दुकानदाराला फोन केला. त्याने विचारलं, दगडावरचा पिवळा स्पंज शाबूत आहे ना. म्हणे तो समुद्रातला जिवंत स्पंज, ती तेवढंच खाते. मग तसं सांगायचं ना! नुसतं धुऊ नका काय? दुसरा दगड मागितला. नाही, आणि कधी येईल सांगता येत नाही.
भांडी घासायचा पिवळा स्पंज कापून आत टाकला. रंग अगदी तोच. ती जवळ गेली, थांबली आणि मागे फिरली. मला फार वाईट वाटलं.

२६ जानेवारी
महाराणी दिसत नाही. दडली असावी. हुशार जात.

२ फेब्रुवारी, रविवार
ही आली. बॅग घेऊन!
टाकीसमोर बसली. मी म्हणालो, दगडामागे आहे. बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, गेली ना? मी हो म्हणालो. सबब सुचलीच नाही. जाऊ दे, म्हणाली, निदान जीव लावलास, चहा टाक. माझे डोळे भरून आले.
पाणी उकळेपर्यंत ती न्हाणीघरात गेली. बाहेर येऊन विचारलं, माझा ब्रश कुठंय?
मी सगळं सांगितलं. दगड, घाण, कचऱ्याचा डबा. खरं बोलण्याचा संकल्प या वर्षी प्रथमच पाळला.
बॅग उघडलेलीही नव्हती, तिने तशीच उचलली आणि गेली. चहा दोन कप झाला होता. दोन्ही मीच प्यालो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
नवा ब्रश आणायला गेलो. हिचा कोणत्या रंगाचा होता, काही केल्या आठवेना.
दुकानात तीन रंग होते. तिन्ही आणले.