आत्याच्या सहा ग्लासांबद्दल खुलासा

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या बिघडलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या वेळी शब्दशः घे. मी स्वयंपाकघरात फरशीवर पालथा पडलोय, एका हाताने डिशवॉशरखाली गेलेला चमचा ओढतोय आणि दुसऱ्या हाताने तुला लिहितोय. अक्षराबद्दल बोलू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कट्ट वाजतो का? वरच्या मजल्यावरच्या बासरीवाल्याला एखादा तरी सूर सापडला का? इकडे सगळे ठीक. आईचे हात खूपच सुधारलेत, बाबांची तब्येत बाबांसारखीच कडक. फोन न करता पत्र का, म्हणशील. आईला फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलता येत नाही, आणि तुझ्याशी फोनवर मी "हो आत्या" यापलीकडे कधी गेल्याचं मला आठवत नाही.

तर मुद्दा असा. आईबाबांच्या लग्नात तू दिलेले ते सहा ग्लास, पातळ काचेचे, टिचकी मारली की बराच वेळ गुणगुणणारे, त्यातले पाच गेले. फुटले नाहीत. फुटले असते तर मी मांजरावर ढकललं असतं. (आपल्याकडे मांजर नाही, पण तुला कुठे माहीत होतं.) ते आंधळे झाले. अंगभर मोतीबिंदू झाल्यासारखे पांढुरके दिसतात. यात माझा हात किती आणि मशीनचा किती, हे तू सगळं वाचून ठरव.

मी कॉलेज सोडलं त्याच महिन्यात हे मशीन घरात आलं. रसायनशास्त्राच्या सरांनी भर वर्गात मला "उपद्व्यापी" म्हटलं, माझं डोकं फिरलं, मी ॲप्रन खुंटीला लावून बाहेर पडलो, एवढं तुला माहीत आहेच. (परत जाणार नाही म्हणजे नाही. तो विषय काढू नकोस.) त्याच दिवसांत आईच्या तळहातांना भेगा पडून रक्त येत होतं आणि डॉक्टरांनी साबणाचं पाणी बंद केलं, म्हणून बाबांनी डिशवॉशर आणला. मला म्हणाले, "घरीच बसणार असशील तर हे मशीन बघ." त्यानंतर बाबांचं माझ्याशी बोलणं बंद. पुढे आठ महिने असंच. मी समोर बसलेलो असतो आणि ते आईला म्हणतात, "त्याला सांग, पंखा बंद कर." आई मला सांगते, मी आईला "करतो" म्हणतो, आई त्यांना "करतोय" म्हणते. तोवर वारा खाऊन होतो.

आता जरा नाजूक भाग आहे, चष्मा नीट लाव. चष्म्यावरून आठवलं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे. तिथे दुकानदाराची मुलगी डोळे तपासते. मी बाबांच्या चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी द्यायला गेलो आणि परत आलो तो मी नव्हेच. माझे डोळे घारीसारखे आहेत, तरी मी ते चार वेळा तपासून घेतले. ती अंधाऱ्या खोलीत माझ्या समोर काचा बदलत राहायची, "आता बरं दिसतंय की मघाशी?" असं विचारायची, आणि मला दोन्ही वेळा इतकं बरं दिसायचं की उत्तर सुचायचं नाही. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची बारीक ओळ मी पहिल्याच दिवशी पाठ केली होती. ती घडाघडा म्हणून टाकली की नजर बाकीच्या कामाला मोकळी. पण तिसऱ्या वेळी ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, अजून एकदा यावं लागेल. आत्या, मी खरंच घाबरलो. दोन दिवस डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवून पडलो होतो. चौथ्या वेळी तर तिने नुसतं लिहून घेतलं.

बाबांचा चष्मा तयार झाला तेव्हा तो द्यायला ती स्वतः घरी आली. आईने तिला तुझ्या ग्लासातून पाणी दिलं. तिने तो घेतला आणि प्यायच्या आधी खिडकीच्या उजेडात धरला. (सवय असते गं त्या लोकांची. हातात काच आली की उजेडात धरणारच.) ग्लासावर वाळलेल्या थेंबांचे पांढरे ठिपके होते, खालपासून वरपर्यंत. तिने साध्या मनाने विचारलं, "काकू, हा धुतलेलाच आहे ना?" आईचा चेहरा एवढासा झाला, आणि माझ्या तोंडातून काय निघावं? "आमचे ग्लास स्वच्छ आहेत, आधी तुमच्या दुकानातल्या काचा पुसा!" तिने ग्लास तसाच भरलेला टेबलावर ठेवला, आईला "येते काकू" म्हणाली आणि गेली. मी तो ग्लास उजेडात धरून पाहिला. तिचं बरोबर होतं. याचाच जास्त राग आला.

त्या दिवशी मी ठरवलं की ती परत येईल, तेव्हा तिच्या हातात असा ग्लास द्यायचा की हातात ग्लास आहे हेच तिला कळू नये. मग मी मशीनशी युद्ध पुकारलं. सूचनांचं पुस्तक पहिल्याच दिवशी फेकून दिलं होतं (मशीनने मला शिकवावं?). चमच्याऐवजी वाटीने पावडर घातली. सगळ्यात कढत पाण्याचं बटण दाबलं. पाणी मऊ करायचं मीठ घालायचा खड्डा मशीनच्या तळाशी असतो, त्यात पहिल्यांदाच मीठ ओतलं. पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात क्षार किती, याचा आकडा मशीन विचारतं, तिथे रागाच्या भरात सगळ्यात मोठा आकडा दिला. दिवसातून तीन वेळा तेच ग्लास आत. पहिल्या दिवशी ठिपके गेले आणि मी बाहीने घाम पुसून आईला म्हटलं, बघ! चौथ्या दिवशी ग्लासांवर धुकं आलं. मी पावडर वाढवली. आठवड्याने त्यांतून पलीकडचा माणूस आहे की कपाट आहे, हे सांगता येईना.

त्यात एक भानगड मला माहीतच नव्हती. एका सकाळी लवकर उठून स्वयंपाकघरात आलो, तर आई नळाखाली भांडी घासत होती. घासून, विसळून, लख्ख करून ती मशीनमध्ये लावत होती! आठ महिने हेच चालू होतं. म्हटलं, आई, हे काय? तर म्हणाली, "मशीन झालं म्हणून काय झालं? कुणाच्या पुढ्यात आपलं खरकटं टाकायचं का?" हातमोजे घसरतात म्हणून तेही काढलेले. तरीच हात बरे होत नव्हते. माझ्या डोक्यात इतकी तिडीक गेली की मी मशीनला लाथ घातली. मशीनला काही झालं नाही. अंगठा अजून निळा आहे.

तो आवाज ऐकून बाबा आले. तुला ठाऊकच आहे, बाबा पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत आहेत, सगळ्या गावाच्या पाण्याची रोज परीक्षा घेतात. त्यांनी एक ग्लास उचलला, फडक्याला व्हिनेगर लावून काठाशी घासला, उजेडात धरला, पुन्हा घासला. मग ग्लासाकडे बघत म्हणाले, "हा पाण्याचा थर नाही. तो असता तर निघाला असता. काच गेली." आई मला सांगायला वळली, तर बाबा म्हणाले, "ऐकलं त्याने." आत्या, आठ महिन्यांनी!

मग त्यांनी त्यांच्या कपाटातून सूचनांचं पुस्तक काढलं. तेच, मी फेकलेलं. पानापानावर लाल पेन्सिलीच्या खुणा. मला ग्लासांकडे बघून समजावलं, की धुतलेली भांडी आत घातली की पावडरीला खायला काही मिळत नाही, मग ती काच खाते. त्यात मी पाणी गरजेपेक्षा मऊ करून ठेवलेलं. त्यांनी नळाच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, रंग बघितला, आणि मशीनला खरा आकडा दिला. (तो त्यांना झोपेतसुद्धा पाठ आहे. पण पद्धत म्हणजे पद्धत.) मग सहज म्हणाले, "तू सोडलंस ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात जड पाण्याचं प्रॅक्टिकल होतं." मला वाटलं टोमणा आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते स्टुलावर चढले आणि माळ्यावरून दोन बाटल्या काढल्या. दोन विहिरींचं पाणी, एक जड, एक मऊ. त्यांच्या अक्षरात चिठ्ठ्या, तारखा. माझ्या प्रॅक्टिकलसाठी आणून ठेवलं होतं. मी बाटल्या पुसत बसलो. बराच वेळ पुसल्या.

पाच गेले, मग सहावा? सहावा बाबांच्या टेबलावर होता, पेन्सिली ठेवायला. तो कधी मशीनमध्ये गेलाच नव्हता. बाबांनी पेन्सिली काढल्या आणि ग्लास माझ्या हातात दिला. त्याच संध्याकाळी त्यांनी दुकानात फोन केला, की चष्मा नाकावरून घसरतो, रविवारी घरी येऊन बघाल का?

रविवारी सकाळी खालच्या जाळीत खरकटी ताटं लावली (आईने ती डोळे मिटून माझ्याकडे दिली, आणि मशीनचं दार लागेपर्यंत उघडले नाहीत), वरच्या जाळीत तो एकटा ग्लास, कशालाही न टेकता. पावडर एक चमचा. शेवटच्या पाण्यात पडणारं, काचेवर थेंब टिकू न देणारं निळं औषध भरलेलं. मशीन थांबल्यावर लगेच दार किलकिलं केलं, म्हणजे वाफ जाते आणि थेंब वाळून डाग पडत नाहीत. मी आणि बाबा दोन स्टुलांवर बसून वाफ जाताना बघत होतो.

ती आली. चष्मा नीट केला. मी पाणी घेऊन गेलो. माफी मागायची दोन पानं पाठ केली होती, त्यातलं "पाणी जड होतं" एवढंच तोंडातून आलं, आणि मग एकदम, "आणि मी मूर्ख होतो." तिने ग्लास उजेडात धरला. खिडकीतलं अख्खं झाड त्यात उलटं उभं राहिलं, एकही पान पुसट नाही. ती सगळं पाणी प्यायली, ग्लास माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "अजून अर्धा."

असो. ग्लासांबद्दल तू मला जी शिक्षा देशील ती कबूल आहे. चमचा निघाला. गुडघ्याला जप.

तुझाच,
मशीन बघणारा

ता. क. – बाबांचा चष्मा घसरत नव्हता गं, घसरवला होता. ती म्हणाली, असा स्क्रू आपोआप सैल होत नाही, कुणीतरी मुद्दाम उलटा फिरवलाय. बाबा तेव्हा पेपर वाचत होते. चष्म्याशिवाय.

दुसरा ता. क. – वर लिहिलं आहे की कॉलेजचा विषय काढू नकोस. तो काढ. पुन्हा प्रवेशाच्या अर्जावर वडिलांची सही लागते, शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी. मी विचारायला गेलो तर ते एखादा शब्द बोलतील, माझं डोकं फिरेल, आणि पुन्हा आठ महिने "त्याला सांग" सुरू होईल. तू रविवारी फोन कर, स्पीकर चालेल. मी दाराशीच उभा असेन. बाटल्या मी जपून ठेवल्या आहेत, हेही सांग. या पत्राचं खरं काम एवढंच. ग्लासांचं तुला कळलंच नसतं.

तिसरा ता. क. – जाताना दारात तिने सांगितलं, माझे डोळे उत्तम आहेत हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग परत का बोलावलं, म्हटलं. तर म्हणाली, तिसऱ्या वेळी तिने भिंतीवरचा तक्ता बदलला होता आणि मी जुनीच ओळ म्हणून दाखवली. चौथ्या वेळी तक्ता काढूनच ठेवला होता. तरी मी म्हणून दाखवली.