खणावर टेकलेलं कोपर

अल मुंतझा, गुरुवार, २००५

मार्लिन आज मनिलाला चालली. तिच्या एम्बसीचा माणूस ऑफिसात आला होता. तीन महिने त्यांनी तिला आसरा दिला, पासपोर्ट मिळेना म्हणून तात्पुरता कागद करून दिला, तिकीटही त्यांच्या सरकारनेच काढलं.

आणि पासपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात! आमच्या ऑफिसने इथल्या अरबांच्या घरी कामाला लावलेल्या सगळ्या बायकांचे तिथेच असतात. किल्ली माझ्या खिशात.

मालकिणीने मार्लिनच्या हाताला तापलेली इस्त्री लावली, त्या दिवशी ती पासपोर्ट मागायला आली होती. मी खणावर कोपर टेकून म्हटलं, "मॅनेजरकडे आहे. टुमॉरो, इन्शाल्ला." खोट्याला अल्लाचं नाव लावलं. अम्मीने ऐकलं असतं तर थोबाड फोडलं असतं. मार्लिन मात्र "शुक्रन" म्हणत आभार मानून गेली.

नोकरी जाईल म्हणून घाबरलो? घाबरलोच. पण किल्ली फिरवायला असा कितीसा वेळ लागतो?

आज तो माणूस म्हणाला, "तिचं विमान आजच आहे. निदान आता तरी पासपोर्ट द्या."

माझं कोपर खणावरच होतं.

"मॅनेजरकडे आहे," मी म्हटलं. "टुमॉरो, इन्शाल्ला."