राखणदाराचा नारळ

शनिवार पेठ, पुणे

सौ. सुनंदास,

देवाच्या कृपेने आपल्या साईच्या पायाचे ऑपरेशन नीट झाले. सूज अजून आहे, त्यामुळे महिनाभर इथेच राहावे लागेल.

थंडी सुरू झाली, आता समुद्राचा खारा वारा झोंबत असेल ना? नव्या कलमांना झावळ्यांचा आडोसा तू एकटीने केलास, हे ऐकून मी हात जोडले.

बाग राखणाऱ्या देवाला, आपल्या राखणदाराला, नारळ द्यायला यंदा मी नाही. फोनवर तू म्हणालीस, "नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे पुरुषानेच घालायचे ना? कोणाला बोलावू?" मी दोन दिवस विचार केला.

कोणाला बोलावू नकोस, तूच घाल. वीस वर्षे बागेला पाणी तू घातलेस, राखणदाराला तुझाच आवाज ओळखीचा आहे. आधी साईचे नाव घे, मग कलमांचे. माझे राहिले तरी चालेल.

तुझा,
पुरुषोत्तम