पौषात सून धाडीत नाहीत

येवला, ता. २ जानेवारी १९८४

रा. रा. जयराम गुरुजी यांस कारभारीचा रामराम. वि. वि.

सूनबाईला दुसरीही मुलगीच झाली, तरी बारशाला आम्ही पेढे खाल्ले, बोललो का काही? आता कांद्याची लागवड तोंडावर आहे, बायामाणसांच्या भाकरी कोण थापणार? शिवाय कानावर आलं, की दवाखान्यातली सिस्टर लताला तांबी बसवून घे म्हणते. म्हणजे तीन वर्षं पाळणा बंद. आमच्या घरात अजून मुलगा यायचाय. सोमवारी पोरगा न्यायला येईल, लताला तयार ठेवा.

माया असू द्यावी.
कारभारी

नाशिक, ता. ५ जानेवारी १९८४

व्याहीबुवांस जयरामचा कृ. सा. न. वि. वि.

आपले पत्र सकाळच्या उन्हात वाचले. समोर चौथीच्या कवितांचे जुने पुस्तक होते. काय गोड कविता त्या! प्रत्येकीत आई अंगाई गाते. एकीलाही कधी धाप लागत नाही. कवींचे बाळंतपण बायकोच्या माहेरी होत असावे.

लताला विचारले. म्हणाली, की बाळंतपणात रक्त जात होते तेव्हा थोरलीची हाक ऐकू येत होती, पण ओ देता येत नव्हती. बाबा, इतक्यात पुन्हा त्या मरणाच्या दारात जायचे नाही. थोरली आता कुठे चालू लागली आहे. आपण जाणते शेतकरी. एक पीक निघाले की जमीन पडीक ठेवता, दोन रोपांत वीतभर अंतर राखता. सुनेच्या बाबतीत एवढी घाई कशाला?

सिस्टरने महिनाअखेरीस बोलावले आहे. सोमवारी पाठवली असती. पण काल पौष लागला. लग्नाच्या वेळी ह्याच पौषापायी आपण मला महिनाभर ताटकळत ठेवलेत, तेव्हा आपला धर्म मी कसा मोडू? भाकरींचे म्हणाल, तर आपलेही दोन हात शाबूत आहेत.

स्नेह आटू देऊ नये.
जयराम

येवला, ता. १२ जानेवारी १९८४

गुरुजींस रंगूबाईचा नमस्कार. मला लिहिता येत नाय, शेजारची सुरय्या लिहून देतेय.

तुमचं पत्र वाचून आमचे हे लय तापले. म्हणले, मास्तर कधीपासून पंचांग बघायला लागला? मी म्हणलं, पौषात सून आणून घराला काय झालं तर माझ्या नावानं बोंबलायचं नाय. तवा मळ्यात निघून गेले. पोराला मीच थांबवलं. भाकरी मी थापतेय. ह्यांना थापायला बसवलं होतं, कुत्र्यानंबी खाल्ल्या नाय.

लताचं तांबीचं काम झालं की मगच धाडा. मला नऊ झाली, जगली चार. मला कुणी विचारलं नव्हतं.

आमची सरू, लताची नणंद, दोन महिन्यांची बाळंतीण आहे. चौथं मूल. बाळ बघायच्या निमित्तानं तिला तुमच्याकडं पाठवतेय. तिलाबी सिस्टरकडं न्या. तिच्या सासऱ्याला तुम्हीच पत्र लिहा. तो पौष मानत नाय, दुसरं काहीतरी शोधा. तुम्ही शिकलेले आहात.

गरिबाची आठवण ठेवा.
रंगूबाई